बेस मॉडेल घेऊन शोरूमकडून ‘टॉप’ करून घ्यावं का?

मुलुंडहून एकांनी विचारलंय: “वडिलांसाठी छोटी पेट्रोल हॅचबॅक घेतोय. बेस आणि त्याच्या वरचं व्हेरियंट यांच्यात ऑन-रोड 94,000 रुपयांचा फरक पडतोय. शोरूमवाले म्हणतात, बेसच घ्या, 58,000 मध्ये आम्ही सगळं कंपनीसारखं बसवून देतो, वॉरंटीला धक्का नाही. बहुतेक वेळा आई-बाबा दोघंच फिरणार, वर्षातून दोन-तीनदा चिपळूणला जाणार. सहा एअरबॅग दोन्ही व्हेरियंटमध्ये आहेत. वरच्यात म्युझिक सिस्टिम, मागच्या पॉवर विंडो, मागचा वायपर, डिफॉगर आणि ड्रायव्हर सीट वर-खाली करायची सोय जास्त आहे. काय करावं?” सोबत शोरूमचं कोटेशनही पाठवलंय.

गेली 22 वर्षं मी मुंबईत हेच काम करतोय. फिटिंग बेमध्ये हेल्पर म्हणून लागलो, मग फिटर झालो, आता एका वर्कशॉपचं अ‍ॅक्सेसरीचं खातं सांभाळतो. त्यामुळे विकणाऱ्याची बाजूही मला माहीत आहे आणि सहा महिन्यांनी तीच गाडी तक्रार घेऊन परत येते तेव्हा काय सापडतं, तेही.

आधी 94,000 चा हिशेब. वरच्या व्हेरियंटची एक्स-शोरूम (टॅक्स-विमा सोडून) किंमत तुमच्या कोटेशनप्रमाणे 82,000 नं जास्त आहे. महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला 11 टक्के रोड टॅक्स लागतो, म्हणजे त्या 82,000 वर 9,020 गेले. उरलेला फरक विम्याचा. अ‍ॅक्सेसरी वेगळ्या बिलावर घेतली की तिच्यावर रोड टॅक्स लागत नाही, म्हणून शोरूमचा पर्याय कागदावर स्वस्त दिसतो. पण तुलना करायची तर दोन्हीकडे तीच वस्तू आणि तीच जोडणी मिळायला हवी, आणि घोडं नेमकं तिथेच अडतं.

माझ्याकडे कोणी असा प्रश्न घेऊन आलं की मी एकच गोष्ट विचारतो: ही वस्तू कपलरला (वायरींच्या टोकाच्या प्लगला) कपलर लागून बसणार आहे, की वायर कापून आणि पत्रा भोकून? गाडीच्या वायरिंग हार्नेसमध्ये, म्हणजे कारखान्यातून आलेल्या वायरींच्या जुडीत, कंपनीनं कपलर आधीच सोडलेला असेल, तर वरच्या मॉडेलचा जेन्युइन पार्ट आणून तिथे लावला की काम फत्ते. तो पार्ट दहा वर्षं कुरकुरत नाही. मात्र बऱ्याच कंपन्या बेस मॉडेलला हार्नेसच वेगळा देतात, पैसे वाचावेत म्हणून वायरच टाकलेली नसते. मग फिटर हेडलाइटच्या किंवा इग्निशनच्या वायरचं कव्हर ब्लेडनं सोलतो, नवी वायर तिच्याभोवती पिळतो आणि वर काळी टेप गुंडाळतो. नवीन असताना दोन्ही कामं बाहेरून सारखीच दिसतात. मुंबईची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळाला की त्या टेपच्या आत तांबं हिरवं पडायला लागतं.

म्हणून शोरूमवाल्याला “कंपनीसारखं होईल ना?” असं विचारू नका, तो हो म्हणणारच. “माझ्या गाडीत याचा कपलर कुठे आहे तो दाखवा,” असं म्हणा. चांगला फिटर दोन मिनिटांत बंपरच्या मागून किंवा डॅशबोर्डखालून हार्नेसला टेपनं बांधून ठेवलेला मोकळा कपलर काढून दाखवतो. नसेल तर नाही म्हणून सांगतो. असा माणूस भेटला तर त्याच्याकडूनच काम करून घ्या.

आता तुमचं कोटेशन. त्यात ‘रिव्हर्स पार्किंग सेन्सर 3,500’ अशी ओळ आहे. ती आधी खोडा. 1 जुलै 2019 पासून मागचे पार्किंग सेन्सर, पुढच्या सीटचा बेल्ट रिमाइंडर आणि स्पीड अलर्ट प्रत्येक नव्या गाडीत कंपनीकडूनच यावे लागतात. म्हणजे जे बंपरमध्ये आधीच बसलेलं आहे, त्याचे पैसे तुमच्याकडे मागितलेत. चूक असेल किंवा जुना छापील फॉर्म असेल, पण ही ओळ मी आजही दर महिन्याला कोणाच्या ना कोणाच्या कोटेशनवर पाहतो.

दुसरी ओळ ‘अंडरबॉडी आणि टेफ्लॉन कोटिंग 8,000’. हीसुद्धा काढा. नवी गाडी कारखान्यातून गंजरोधक थर घेऊनच बाहेर पडते. घाईत मारलेल्या कोटिंगनं उलट नुकसान होतं. दारांच्या आणि सिलच्या (दाराखालच्या उंबऱ्यासारख्या पत्र्याच्या) तळाला पाणी निथळायला बारीक भोकं असतात. फवारा मारताना ती बुजली की पाणी आतच राहतं आणि पत्रा आतून गंजतो, बाहेरून कळतही नाही. तुम्ही समुद्रापासून लांब राहता. वरळी-वर्सोव्याला राहणाऱ्यालाही मी हेच सांगतो, की पावसाळा संपला की गाडी लिफ्टवर घेऊन खालून गोड्या पाण्यानं नीट धुऊन घ्या.

मागच्या पॉवर विंडोसाठी 8,500 लावलेत. इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण दारातलं काम बाहेरून कधीच दिसत नाही. दाराचं आतलं पॅनेल काढलं की पत्र्यावर एक प्लॅस्टिकची शीट चिकटवलेली असते. तिच्या कडेनं काळा, डिंकासारखा चिकट पट्टा असतो. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात शिरतंच, ते थांबत नसतं. ही शीट ते पाणी आतल्या बाजूला येऊ देत नाही, खाली निथळवते. काही वर्षांपूर्वी एक कुटुंब माझ्याकडे आलं. जूनमध्ये नवी गाडी घेतली होती, एका शोरूममधून मागच्या पॉवर विंडो आणि स्पीकर बसवून घेतले होते. ऑगस्टमध्ये मागचं कार्पेट ओलं, गाडीत कुबट वास, आणि आजी मागे बसली की तिचे पाय भिजायचे. शोरूमनं सांगितलं, काच उघडी राहिली असेल. मी पॅनेल उघडलं तर शीट मधोमध फाडून मोटरला जागा केलेली, खालची कड उलटून तशीच सोडलेली. चिकट पट्ट्यावर धूळ बसून तो कोरडा पडला होता. मी नवी शीट कापून, नवा पट्टा लावून दोन्ही दारं बंद केली. सीट काढून कार्पेट पंख्याखाली वाळवायला चार दिवस गेले. मोटरमध्ये खोट नव्हती, बसवणाऱ्याला दुसऱ्या गाडीची घाई होती.

स्पीकरसाठीही दार उघडावंच लागतं, म्हणून स्पीकर बसवताना फिटरजवळ उभे राहा आणि पॅनेल लावण्यापूर्वी शीटची कड चारही बाजूंनी दाबून बसली आहे का ते बघा. उभं राहू देत नसतील तर पॅनेल लावण्यापूर्वीचा फोटो मागा. पॉवर विंडोच्या कामात मात्र दारातून बॉडीत जाणारी वायरही नव्यानं ओढावी लागते. ती रबरी नळीतून न जाता बाहेरून गेली की दार हजार वेळा उघड-बंद झाल्यावर तुटते. तुमच्या गाडीसाठी कंपनीचं पूर्ण किट पार्ट नंबरसकट मिळत नसेल, तर हे काम करू नका.

फॉग लॅम्पचे 5,500 हेही त्याच कारणानं. बंपरमध्ये कपलर असेल तर चांगली वस्तू आहे. तुमच्या व्हेरियंटला तो नाही असं कोटेशनमधल्या ‘युनिव्हर्सल वायरिंग किट’ या शब्दांवरून स्पष्ट दिसतंय. मुंबईत धुकं किती पडतं? चिपळूणच्या वाटेवर घाटात पावसाळी ढग उतरतात हे खरं, पण तेवढ्यासाठी बंपरमागच्या वायरिंगला जोड मारू नका.

मागचा वायपर आणि डिफॉगर त्यांनी कोटेशनमध्ये धरलेच नाहीत, आणि तेच योग्य आहे. डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुरकटपणा घालवणाऱ्या, त्या तांबूस रेघा काचेवर कारखान्यातच भाजून घेतलेल्या असतात, वायपरसाठी मोटर, पाण्याची नळी आणि बसवायची जागा लागते. म्हणजे नवी काच, नवं वायरिंग, नवा स्विच. कोणी “लावून देतो” म्हणाला तर तिथून निघा. स्टिअरिंगवरच्या म्युझिकच्या बटणांचंही तसंच. ती बटणं ज्या गुंडाळीदार केबलमधून जोडली जातात, त्याच केबलमधून ड्रायव्हरच्या एअरबॅगची वायर जाते. आवाज कमी-जास्त करण्यासाठी एअरबॅगच्या सर्किटला कोणाचा हात लागू देऊ नका.

म्युझिक सिस्टिम आणि रिव्हर्स कॅमेरा, 18,500. हे करण्यासारखं आहे. मात्र दोन अटी घाला. पहिली, स्टिरिओ तुमच्या गाडीसाठीच्या जोड-कपलरनं लागला पाहिजे, मूळ वायर कापायची नाही. हा कपलर काही शे रुपयांत मिळतो आणि तरीही तो वाचवायला लोक वायर कापतात. दुसरी, स्टिरिओची मुख्य लाइन इग्निशनवर असली पाहिजे. कायम करंटच्या वायरवर सगळा भार टाकला तर गाडी बंद असतानाही बॅटरी उतरत राहते. सोसायटीच्या स्टॅक पार्किंगमध्ये गाडी दहा दिवस उभी राहिली की सकाळी सेल्फ मारत नाही, मग वरच्या गाडीवाल्याची बोलणी खावी लागतात. कॅमेऱ्याची वायर डिकीच्या दारातून रबरी नळीतूनच घ्यायला सांगा. पुढे ती सिलमधून येते तेव्हा तिचे जोड कार्पेटखाली तळाशी ठेवू नका, वर बांधून घ्या. पावसाळ्यात एखाद्या सबवेत घोटाभर पाण्यातून गाडी काढायची वेळ मुंबईत प्रत्येकावर येते, आणि तळाचा जोड सगळ्यात आधी भिजतो.

सीट कव्हरच्या 6,000 च्या ओळीपाशी जरा थांबा, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. तुमच्या गाडीत सहा एअरबॅग आहेत. त्यातल्या दोन पुढच्या सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेत शिवलेल्या असतात. दार उघडून बघा, सीटच्या त्या कडेला ‘एअरबॅग’ लिहिलेली छोटी पट्टी दिसेल. धडक बसली की ती शिलाई क्षणार्धात उसवून पिशवी बाहेर यायला हवी. त्यावर जाड रेक्झिनचं घट्ट कव्हर चढवलं तर पिशवी अडते किंवा भलतीकडे फुगते. साइड एअरबॅगसाठी बनवलेल्या कव्हरला त्या जागी कमकुवत धाग्याची शिलाई किंवा मोकळी फट असते. पाकिटावर तसं लिहिलेलं नसेल आणि दुकानदाराला ती जागा दाखवता येत नसेल, तर कव्हर घेऊ नका. कापडी सीट तशीच राहिली तर काही बिघडत नाही. माझ्या स्वतःच्या गाडीला पुढे कव्हर नाही.

मॅट, मडफ्लॅप, डोअर व्हायझर यांचे मिळून 4,000 रास्त आहेत. ड्रायव्हरच्या मॅटला खाली हूक असतो तो अडकलाच पाहिजे, आणि कार्पेटच्या मॅटवर रबरी मॅट टाकू नका, ती सरकून अ‍ॅक्सिलरेटरखाली जाते. मडफ्लॅप मूळ स्क्रूच्या जागेतच बसवा, पत्र्याला नवं भोक नको. व्हायझर दुहेरी टेपवर बसतो. भर पावसात ओल्या दारावर बसवला तर आठवडाभरात हायवेवर उडून जातो. दार कोरडं करून स्पिरिटनं पुसायचं, टेप दाबायची आणि एक दिवस गाडी धुवायची नाही.

अलॉय व्हील तुम्ही विचारलेली नाहीत. मनात आलीच तर वरच्या व्हेरियंटला कंपनी देते त्याच मापाची घ्या. रिम आणि टायर मोठे केले की स्पीडोमीटर चुकतो, वळताना टायर लायनरला (चाकावरच्या प्लॅस्टिकच्या अस्तराला) घासतो. नट अलॉयसाठीचेच हवेत. आणि बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनं ते पुन्हा आवळून घ्या.

आता माल कुठला, हा मुद्दा. शोरूममध्ये बसलेलं सगळं जेन्युइन असतं असं नाही. कंपनीच्या अ‍ॅक्सेसरीला पार्ट नंबर, छापील एमआरपी आणि कंपनीचं पाकीट असतं. काही ठिकाणी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा ऑपेरा हाउसच्या बाजारातून आणलेला माल शोरूमच्या भावानं लावतात. त्या बाजारांत चांगला मालही मिळतो, मी स्वतः तिथून घेतो, पण मग भाव तिथलाच लागला पाहिजे. कोटेशनच्या प्रत्येक ओळीपुढे पार्ट नंबर लिहून मागा. फिटिंगची मजुरी वेगळी दाखवायला सांगा. बिल शोरूमच्या जीएसटी नंबरचं पक्कं घ्या, चिठ्ठीवर नको. 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट 18 टक्के जीएसटी आहे. जुन्या साठ्यावर 28 टक्क्यांच्या काळातली एमआरपी छापलेली असेल तर नवा भाव विचारा.

वॉरंटीला धक्का नाही, हे वाक्य तोंडी घेऊ नका. “ही अ‍ॅक्सेसरी आमच्या वर्कशॉपमध्ये बसवली असून तिच्यामुळे वाहनाची वॉरंटी बाधित होत नाही,” एवढं बिलावर लिहून शिक्का मागा. कपलरनं बसणाऱ्या जेन्युइन पार्टसाठी ते आनंदानं देतील. जिथे वायर कापायची आहे तिथे मॅनेजरला विचारून सांगतो म्हणतील, आणि तुम्हाला उत्तर मिळालेलं असेल. पुढे वायरिंग जळलं तर कंपनीचा माणूस आधी कापलेली वायरच शोधतो.

“फ्री अ‍ॅक्सेसरी” देत असतील तर तेवढ्याच रोख सवलतीवर अडून बसा. 15,000 चं किट म्हणजे एमआरपीनं 15,000, त्यांना ते बरंच स्वस्त पडतं. आणि अ‍ॅक्सेसरी घेतल्याशिवाय किंवा आमच्याकडून विमा घेतल्याशिवाय डिलिव्हरी लवकर होणार नाही, असं कोणी सुचवलं तर विमा कुठून घ्यायचा हा निर्णय तुमचा आहे, हे शांतपणे सांगा.

विम्याचंच निघालंय तर, बाहेरून बसवलेला स्टिरिओ आणि कॅमेरा पॉलिसीत इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरी म्हणून लिहून घ्यावा लागतो. हप्ता साधारण किमतीच्या 4 टक्के, म्हणजे 18,500 ला 740 रुपये आणि वर जीएसटी. लिहून घेतला नाही तर चोरी झाली किंवा पाण्यात गेला की एक रुपया मिळत नाही. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर विमा कंपन्यांच्या दारात उभे राहिलेले लोक मी ऐन उमेदवारीत पाहिलेत.

कायद्याचं थोडक्यात. तुमच्या यादीतल्या एकाही वस्तूला आरटीओची परवानगी लागत नाही. पण उद्या कोणी बुल बार (बंपरपुढचा लोखंडी गार्ड) किंवा काचेवरची काळी फिल्म गळ्यात मारू पाहील. बुल बारवर केंद्र सरकारनं डिसेंबर 2017 मध्ये बंदी आणली, कारण तो समोरच्या धडकेचा जोर थेट चॅसीपर्यंत नेतो आणि पादचाऱ्याला जीवघेणा ठरतो. काळ्या फिल्मबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल 2012 चा आदेश आहे, आणि ती दिसली की वाहतूक पोलिस गाडी बाजूला घेतात. वडिलांना ऊन लागत असेल तर जाळीचे सनशेड घ्या, तेही गाडी उभी असताना लावायला.

मुहूर्ताबद्दल कळकळीनं सांगतो. पाडवा, दसरा, धनत्रयोदशी या दिवशी एकेका शोरूममधून एवढ्या गाड्या निघतात की फिटिंग बेमध्ये आदल्या रात्री दोन-तीन फिटर पहाटेपर्यंत बसलेले असतात. मीही बसलोय. त्या रात्री कोणाचाही हात नेहमीसारखा चालत नाही, शीट फाटते ती तेव्हाच. मुहूर्तावर गाडी जरूर घ्या, पेढे वाटा, हार घाला. पण त्या दिवशी फक्त मॅट टाकून घ्या. बाकीचं काम पहिल्या फ्री सर्व्हिसला, मधल्या वारी, सकाळी गाडी नेऊन करून घ्या. तोवर गाडीत मूळची काही खोट असेल तर तीही कळलेली असते आणि “ते तुमच्या अ‍ॅक्सेसरीमुळे झालं” असं कोणी म्हणू शकत नाही.

आता निर्णय. 58,000 मधून सेन्सर आणि कोटिंग गेले, 46,500 राहिले. पॉवर विंडो आणि फॉग लॅम्प गेले, 32,500 राहिले: स्टिरिओ-कॅमेरा, स्पीकर, सीट कव्हर आणि मॅट वगैरे. वरचं व्हेरियंट घेतलं तरी कव्हर आणि मॅटचे 10,000 लागतीलच, म्हणजे 94,000 चे 1,04,000. दोन्हीतला खरा फरक 71,500 चा. पाच वर्षांच्या कर्जात महिन्याला साधारण दीड हजार.

त्यात मागचा वायपर, डिफॉगर, मागच्या पॉवर विंडो आणि सीटची उंची मिळते. यातली एकही गोष्ट तुम्ही नंतर नीट बसवू शकणार नाही. गाडी वडील चालवणार आहेत. वयस्क माणसाला सीट दोन बोटं वर घेता आली की बॉनेटची कड दिसते, मान ताणावी लागत नाही. कोकणात जुलैमध्ये मागची काच धुरकट झाली की गाडी मागे घेताना त्यांना नुसत्या कॅमेऱ्याच्या भरवशावर राहावं लागेल, आणि पावसात कॅमेऱ्याच्या भिंगावरही थेंब बसतात. तुमच्या जागी मी वरचं व्हेरियंट घेईन आणि कव्हर-मॅट वगैरे सोडून बाकी किट एक रुपयाचंही घेणार नाही. गाडी तरुण माणसासाठी असती, शहरातच फिरणारी असती, तर बेस आणि ते 32,500 चं काम मी बिनदिक्कत सुचवलं असतं. बजेट खरोखरच तुटत असेल तर तुम्हीही तेच करा, मात्र ती गाडी पुढे विकताना अ‍ॅक्सेसरीचे पैसे परत येतील असं धरू नका, भाव बेसचाच मिळतो.

बेस घेऊन काम करून घेतलंत, तर गाडी ताब्यात घेताना बॉनेट उघडून आधी बॅटरीच्या प्लस टर्मिनलकडे बघा. मूळ जाड केबलशिवाय तिथे एखादी नवी बारीक लाल वायर लावलेली दिसली, तर तिच्यावर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज होल्डर असायला हवा. तो नसेल तर कागदावर सही करू नका, फिटरला बोलावून तुमच्यासमोर बसवून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.